उष्टं शून्य

माझं नाव नसीम, पन हितं दवाखान्यात नसीम कुनी म्हनत न्हाई, लहान लेकरापासून मोठ्या डॉक्टरापर्यंत समदे मावशी म्हनतात, तर तुम्ही बी मावशीच लिवा. गाव माझं कंधार, किल्ल्याच्या बाजूला आमची गल्ली, आनि माझे अब्बा बावर्ची. हाटेलातले बावर्ची न्हाईत बरं, देगवाले, मोठ्या हंड्यात शेकड्यानं मानसांचं रांधनारे. लग्न असो, लेकराचं जावळ काढायचा अकिका असो, उरूस असो, अब्बाची देग चढल्याबिगर आमच्याकडं कुनाचं काही होत न्हवतं. हिंदूच्या लग्नात बी जायचे, तितं भांडी वेगळी, वरन-भात, बुंदी, वांग्याची भाजी, पन हात अब्बाचाच. आम्ही चार बहिनी, भाऊ न्हाई, म्हनून अब्बानं मला हाताखाली घेतलं. मी तिसरी, आनि लई तोंडाळ. अब्बा म्हनायचे हिचं तोंड चालतंय तसे हात चालले तर कंधारात हिच्यासारखी बावर्चीन होनार न्हाई. हात चालले. तोंड बी काही थांबलं न्हाई, ते तुम्हाला आता कळंलच.

अब्बाची एक गोष्ट आधी सांगते, ती पुढं लागंल. एका लग्नात देग लागली, लागली म्हंजे खालून करपली. दुसरा कुनी असता तर वरचं वरचं काढून वाढलं असतं, वरून केवड्याचं पानी शिपडलं असतं, झालं. अब्बानं झाकन टाकलं आनि सरळ नवरीच्या बापाकडं गेले, समद्या वऱ्हाडापुढं म्हनले, देग लागली, कसूर माझा हाय, दीड घंटा द्या. लोक बसून ऱ्हायले दीड घंटा. मी तवा बारा-तेरा वर्साची, मला लई शरम वाटली, घरी येताना म्हनलं अब्बा कशाला सांगितलं, कुनाला कळलं नसतं. अब्बा म्हनले, लोक मला भांडं देऊन निवांत बसतात, बगायला येत न्हाईत, ते का येत न्हाईत याचा इचार कर. मी काय इचार करते, मला झोप येत होती.

आता मिठाचं सांगते. आमच्या घरी समदे रोजे ठेवायचे, आनि अम्मीला दम्याचा आजार, म्हनून दहाव्या वर्सापासून इफ्तारीचं समदं माझ्याकडं. रोजा असला की चाखता येत न्हाई, हे तुम्हाला ठावं असंल. कुनी कुनी जिभेला लावून थुकून टाकतात, आमच्यात ते बी चालत न्हवतं. मग मीठ कसं कळायचं, तर अब्बानं शिकवलं. आधी तळहातावर घ्यायचं, हात कधी खोटं बोलत न्हाई म्हनायचे, आनि मग झाकन काढलं की पहिली वाफ नाकावर घ्यायची. अळनी वाफ कच्ची कच्ची येते, मीठ बसलं की वास भरून येतो. तुम्ही हसून राहिल्या, पन खरं हाय हे. एक महिना चाखायचं न्हाई म्हनता म्हनता मला आख्खं वरीस चाखायची गरज ऱ्हायली न्हाई. लग्न होऊन नांदेडला आले तर सासू म्हनली ही पोरगी गर्वानं भांडं खाली उतरवते, चाखत बी न्हाई. मी म्हनलं खाऊन बगा. खाल्लं, आनि ताट पुन्हा पुढं केलं.

मालक माझे शिलाईचं काम करतात, गरीब मानूस, दोन शब्द सकाळी आनि दोन संध्याकाळी. लेकरं मोठी झाली, पोरगी उदगीरला दिली, पोरगा हैदराबादला कामाला गेला, मग मी पोरींच्या एका हॉस्टेलात सैपाकाला लागले, तितून या दवाखान्याच्या कँटीनला. तितं आठ वर्सं केलं, वरन, भाजी, पोळी, रोज तेच. आनि मग एक दिवस कळलं का वरच्या मजल्यावर नवा वार्ड सुरू होऊन राहिला, बीएमटी म्हनतात त्याला, आनि त्या वार्डाला सैपाकघर वेगळं पायजे, बाई वेगळी पायजे.

कँटीनमधल्या आम्हा चौघींना बोलावलं. तितं मोठ्या मॅडम होत्या, म्हंजे त्या वार्डाच्या डॉक्टर, आनि त्यांच्यासोबत स्नेहल, ही लातूरची पोरगी, पेशंटनं काय खायचं ते ठरवनारी, चश्मा लावून, वही घेऊन. स्नेहल म्हनली का या वार्डातल्या लेकराच्या अंगात रोगाशी भांडायची ताकद काहीच नसते, म्हनून कच्चं काही द्यायचं न्हाई, कोथिंबीर न्हाई, दही न्हाई, लिंबू पिळायचं न्हाई, समदं कुकरात शिट्टीखाली शिजलं पायजे, आनि शिजल्यावर वरून काहीच टाकायचं न्हाई, आनि करनारीनं चाखायचं न्हाई. मग चौघींना खिचडी करायला लावली. आता बाईमानूस किती बी कबूल करू द्या, हात आपोआप जातोय. पहिलीनं डावाचा थेंब तळहातावर घेतला आनि जिभेला लावला. दुसरीनं तेच. तिसरीनं तर मास्क खाली करून चाखलं, आनि वर म्हनली थोडं मीठ घालते. मी वाफ घेतली, मास्कातूनच, आनि झाकन लावून बाजूला उभी ऱ्हायले. मॅडम म्हनल्या मावशी, मीठ बगितलं न्हाई तुम्ही. मी म्हनलं मॅडम, रमजानमधी कोन बगतंय. त्यांनी ताटलीत घेऊन खाल्ली, स्नेहलला दिली, आनि दोघी एकमेकींकडं बघत ऱ्हायल्या. तवापासून ते सैपाकघर माझं हाय.

काय असतं बीएमटी, ते मी तुम्हाला डॉक्टरपेक्षा सोपं सांगते. स्नेहल मला चित्रं काढून समजवायला बसली का मावशी, हाडाच्या पोकळीत एक मऊ पदार्थ असतो. मी म्हनलं बाई, गूदा मला सांगू नको, जिंदगीभर नळ्या फोडल्यात, नल्लीचा गूदा किती शिजला की सुटतो ते मला इचार. पन हे मला ठावं न्हवतं का रक्त त्या गूद्यात तयार होतं. एखाद्या लेकराचा गूदा रक्त करायचंच बंद करतो, मग त्याला किती बी बाटल्या चढवा, आठ दिवसांनी पुन्हा पांढरं. तर औषध देऊन त्याचा जुना गूदा आधी पुरा काढून टाकतात, आनि भावाचा का बहिनीचा जुळला तर त्यांच्या कमरेच्या हाडातून काढून, रक्ताच्या पिशवीवानी नळीतून ह्याला चढवतात. तो आपली जागा आपनच शोधतो, हाडात जाऊन बसतो. खुदाची हिकमत हाय ही, मी किती जनांना सांगते तरी मला दर वेळी नवल वाटतं. पन जुना गेला आनि नवा अजून लागला न्हाई, असे दोन-तीन हप्ते असतात, तवा त्या लेकराच्या अंगात काहीच ऱ्हात न्हाई. साधी बुरशी लागली तरी जिवावर येतं. ते दोन-तीन हप्ते लेकरू काचाच्या खोलीत, आनि त्याचं खानं माझ्या हातात.

मॅडम आमच्या किल्लारीच्या. भूकंप झाला तवा लहान होत्या. त्या काही बोलत न्हाईत त्याबद्दल, एकदाच म्हनल्या का मावशी, आम्ही पत्र्याच्या शेडमधी ऱ्हायचो तवा कुठल्या कुठल्या गावाहून भाकऱ्या यायच्या, कुनी केल्या ठावं न्हाई, पन त्या खाऊन मी मोठी झाले. म्हनून असंल, त्या सैपाकघरात येताना चपला बाहेर काढतात. तितं बूट बदलायचा नियम तर समद्यांना हाय, पन त्या ज्या रीतीनं काढतात ते वेगळं हाय.

त्यांचं एक संशोधन सुरू होतं. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात अशा लेकरांना पाकिटातलं, डब्यातलं खानं देतात, पावडरी, बिस्किटं. मॅडमचं म्हननं का आपल्या खेड्यातली लेकरं ते तोंडात बी धरत न्हाईत, उपाशी पडतात, मग नवा गूदा धरनार कशावर. घरच्यावानी वरन-भात, उपमा, ज्वारीची उकड नीट शिट्टीखाली शिजवून दिली तर तेवढीच सुरक्षित राहील का, ते त्यांना बगायचं होतं. म्हनून ताट जाताना वजन करायचं, ताट परत आलं की उष्ट्याचं वजन करायचं, आनि रजिस्टरात काय दिलं, कशात शिजवलं, किती उरलं ते समदं लिवायचं. मी सातवी शिकलेली, अक्षर माझं बरं हाय, स्नेहलनं रजिस्टर माझ्याकडंच दिलं. गल्लीत बाया इचारायच्या काय काम करून राहिलीस नसीम, मी म्हनायचे उष्टं मोजते. त्या हसायच्या. मी म्हनायचे हसा, तुमच्या घरात किती उष्टं पडतं ते तरी ठावं हाय का तुम्हाला.

आता गौरीचं सांगते, त्याच्यासाठीच बसलोय आपन.

गौरी बिलोलीकडची, नऊ वर्साची, शेतकऱ्याची लेक. तिच्या गूद्यानं रक्त करायचं सोडलं होतं. मोठी बहीन शीतल, अकरावीला, तिचा जुळला. शीतलला टोचलं, काढलं, दोन दिवसांत ती उठून बसली आनि पयला सवाल का माझं तिच्यात गेलं का. आई सुनंदा, दिवसभर काचाबाहेर बसलेली, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आनि सोडायची. पहिल्या दिवशी ती माझ्याकडं आली आनि म्हनली मावशी, राग मानू नका, आम्ही माळकरी हाव, त्या भांड्यात दुसरं काही तर. मी तिला काचापाशी नेलं, म्हनलं बाई बग, ही भांडी या सैपाकघरात आली तवापासून यांच्यात दाळ-तांदळाबिगर काही पडलं न्हाई, माझं खानं मी घरी खाते. राग मला आला होता थोडा, खोटं कशाला बोलू. पन तिचं तोंड बगितलं आनि गेला. लेकरू काचाआड असलं की मानूस कशाकशाला धरून ऱ्हातं.

गूदा चढवून पाच-सहा दिवस झाले आनि गौरीची चव गेली. हे समद्यांचं होतं. ताट जायचं आनि तसंच परत यायचं. मी काचाच्या खिडकीतून इचारायचे काय झालं गं, तर म्हनायची मावशी, समदं मातीवानी लागतंय. रजिस्टरात मी लिवायचे, दोन चमचे, तीन चमचे, एक दिवस तर काहीच न्हाई. वजन उतरून राहिलं, मॅडम नळीतून खानं द्यायचं म्हनू लागल्या. तवा गौरी म्हनली मावशी, मला घरचा मेतकूट-भात पायजे, आई करती तसा.

सुनंदाच्या पिशवीत होतंच की मेतकूट. बिलोलीच्या गिरनीत दळलेलं, पिवळं धम्मक, एका पुडीत. तिनं ती पुडी माझ्या हातात दाबली. मी म्हनलं न्हाई, बाहेरचं काही चालत न्हाई. दुसऱ्या दिवशी बी न्हाई म्हनलं. तिसऱ्या दिवशी ताट आलं, आख्खंच्या आख्खं, वजन केलं तर एक घास बी कमी झालेला न्हाई, आनि माझ्यातला देगवाला जागा झाला बगा. मी म्हनलं, अब्बा दम देताना मसाला वरूनच टाकायचे की, झाकनाखाली वाफेत समदं शिजतं. मऊ भात कुकरातून काढला, गरम गरम, त्याच्यावर चिमूटभर मेतकूट शिपडलं, झाकन लावलं, दहा मिनिटं दम दिला. नियम मोडला असं मला तवा वाटलंच न्हाई. मी म्हनलं मी शिजवूनच देऊन राहिले. शिकलेला मानूस ही चूक करनार न्हाई, आनि अडानी बी करनार न्हाई, ही चूक बावर्चीच करनार.

गौरीनं वाटी चाटून खाल्ली. वाटी परत आली तर चमकून राहिली होती. समदे खुश, सिस्टर खुश, सुनंदा काचाबाहेर रडली. मी रजिस्टरात लिवलं, मऊ भात, कुकर, चार शिट्ट्या, उष्टं शून्य. मेतकूट लिवलं न्हाई. तितं माझा हात थांबला होता हे मी कबूल करते, म्हंजे मनात कुठंतरी मला ठावं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर समद्यांची तोंडं उतरलेली. गौरीला ताप, थंडी वाजून ताप. नवा गूदा अजून लागलेला न्हाई, अंगात काही न्हाई आनि ताप. रक्त तपासायला गेलं, औषध सुरू झालं, आनि मॅडम एकेकाला इचारून राहिल्या का कालपासून काय वेगळं झालं, कोन खोलीत आलं, हवेच्या मशीनीला काय झालं का, पान्याचा नळ तपासला का. माझं रजिस्टर बगितलं, म्हनल्या खानं तर रोजचंच हाय, आनि पुढं गेल्या.

नऊ वाजता मला कळलं आनि मी सांगितलं बाराला. ते तीन घंटे मी मरेपर्यंत इसरत न्हाई. मी उकड करायला घेतली, मीठ हातात घेतलं आनि किती घेतलं ते कळंना. वाफ नाकावर घेतली तर नाकाला काहीच कळंना. डोक्यात एकच, मी सांगितलं तर नुसती मी जात न्हाई, हे सैपाकघर जातंय, मॅडमचं संशोधन जातंय, लोक म्हनतील बगा घरचं खानं दिलं आनि लेकरू आजारी पडलं, मग समद्या लेकरांना पाकिटंच. आनि सांगितलं न्हाई तर मॅडम हवेच्या मशीनीत शोधतील, नळात शोधतील, आनि तेवढ्या वेळात ते लेकरू. मी ती उकड फेकून दिली. जिंदगीत पहिल्यांदा भांडं फेकलं. तवा मला ते वऱ्हाड आठवलं, बसून ऱ्हायलेलं, आनि अब्बा काय म्हनले होते त्याचा इचार मी चाळीस वर्सांनी केला.

राउंड चालू होता, पाच-सहा डॉक्टर, सिस्टर, स्नेहल, बाजूला सुनंदा. मी मधी जाऊन म्हनलं, मॅडम, काल भातावर मी मेतकूट टाकलं, वरून, आनि रजिस्टरात लिवलं न्हाई, कसूर माझा हाय. सुनंदा म्हनली पुडी मी दिली होती. मी म्हनलं तू आई हायस, तू देशीलच, टाकनारी मी. मॅडमनं इचारलं किती टाकलं, किती वाजता, किती येळ झाकलं, पुडी कुठं हाय. समदं सांगितलं. त्यांनी तितंच बुरशीवरचं औषध सुरू करायला सांगितलं, पुडी तपासायला पाठवली, आनि मग मला म्हनल्या मावशी, रिपोर्ट येईपर्यंत सैपाकघरात येऊ नका. आवाज चढवला न्हाई. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

घरी बसले. मालकाला समदं सांगितलं. ते मशीनीवर होते, पाय थांबला, म्हनले कापड बिघडलं तर गिऱ्हाईकाला सांगावंच लागतं. आनि पुन्हा मशीन चालू. एवढंच. मी चार दिवस घरात भांडी घासून काढली, घासलेली पुन्हा घासली. पाची नमाजीत एकच दुआ, त्या लेकराचा ताप उतरू दे, माझं काय व्हायचं ते होऊ दे. स्नेहल रोज फोन करायची. म्हनायची पाकिटातलं देऊन राहिलो, खात न्हाई. ताप हायच. गल्लीत रोज दुसऱ्याच्या घरचं बिघडलेलं कालवन दुरुस्त करून देनारी मी, दार लावून बसलेली.

पाचव्या दिवशी मॅडमचा स्वतःचा फोन आला, या म्हनल्या. गेले. त्यांच्या टेबलावर दोन कागद होते. एक कागद गौरीच्या रक्ताचा. जंतू सापडला, पन तो तिच्या गळ्यापाशी औषधाची नळी घातलेली असते त्या नळीतून आलेला, मेतकुटाचा काही संबंध न्हाई, नळी बदलली, औषध बदललं, ताप उतरला. मी खालीच बसले. मॅडम म्हनल्या थांबा मावशी, दुसरा कागद बी बगा, पुडीच्या तपासनीचा. त्यांनी मला काचाची चपटी वाटी दाखवली, तिच्यात ते मेतकूट पेरलेलं, आनि त्याच्यावर हिरवी-काळी बुरशी, केसावानी, बोटभर. त्या म्हनल्या ह्या वेळी वाचलो. तुमच्या मेतकुटानं ताप आला न्हाई, पन येऊ शकला असता. मी म्हनलं हाव.

मग त्यांनी रजिस्टर पुढं केलं. म्हनल्या त्या दिवसाची ओळ दुरुस्त करा, तुमच्या हातानं, सही करा. मी लिवलं, मेतकूट चिमूटभर वरून टाकलं, लिवायचं लपवलं, नसीम. अक्षर वाचता येतंय, आजबी बगायला मिळंल तुम्हाला. मी म्हनलं मॅडम, आता माझं काय. त्या म्हनल्या आता तुम्ही मला सांगा, हे मेतकूट सुरक्षित कसं करायचं. कारन त्या लेकरानं पंधरा दिवसांत फक्त तेच खाल्लंय.

तर असं माझं संशोधन सुरू झालं. हसू नका, संशोधनच म्हनतात त्याला. पहिल्यांदा मी कोरडं मेतकूट स्टीलच्या छोट्या डबीत घालून, झाकन घट्ट लावून कुकरात ठेवलं, पाच शिट्ट्या. प्रयोगशाळेत पाठवलं तर बुरशी तशीच. मॅडमनं समजावलं का डबी बंद असली तर वाफ आत जात न्हाई, कोरड्या पिठाच्या मधात पोचत न्हाई. दुसऱ्यांदा तुपात कालवून ठेवलं, तरी थोडी उगवली. तिसऱ्यांदा पान्यात सैल कालवून, पसरट वाटीत, झाकन न लावता, वीस मिनिटं शिट्टीखाली. वाटी कोरी ऱ्हायली, काही उगवलं न्हाई. पन खायला कसं, तर खळीवानी, वास गेलेला. स्नेहल चाखायची आनि तोंड वाकडं करायची, मला तर चाखायचं न्हवतंच. मग मी तो गोळा निर्लेप कढईत उकळत्या तुपात परतला, कडा सुटेस्तोवर, आनि हिंग आधीच पान्यात टाकून शिजवलेलं. वास आला बगा. त्या वासानं बाहेर बसलेली सिस्टर आत आली. पुन्हा तपासायला, पुन्हा कोरी वाटी. तीन वेळा मॅडमनं तपासलं, एकदा बरोबर आलं म्हनून त्या सोडत न्हाईत.

गौरीकडं वाटी गेली. मी खिडकीपाशी उभी. तिनं एक घास घेतला, म्हनली आईच्यावानी न्हाई. मी म्हनलं न्हाईच, मावशीच्यावानी हाय, खा. खाल्लं. अर्धी वाटी. मग रोज. त्या तापापायी नवा गूदा लागायला लई उशीर झाला होता, पन त्याच हप्त्यात एका सकाळी मॅडम पळत आल्या, पळत, मी त्यांना कधी पळताना बगितलं न्हवतं, म्हनल्या काउंट आला मावशी. म्हंजे शीतलचा गूदा गौरीच्या हाडात लागला, रक्त करू लागला. काचाबाहेर शीतल आनि सुनंदा एकमेकींच्या गळ्यात, आनि मी माझ्या कुकरापाशी उभी राहून रडले, मास्क भिजून गेला, मग नियमापरमानं तो बदलून नवा लावला. आनि तुम्हाला सांगते, पुढं गौरीच्या रक्ताचा गट बी बदलला, आधी बी पॉझिटिव्ह होता, आता शीतलचा ओ पॉझिटिव्ह हाय. ती पोरगी समद्यांना सांगत फिरायची का मी आता आतून ताई झाले.

पुढच्या वर्सी लातूरला डॉक्टर लोकांची परिषद होती. मॅडम म्हनल्या मावशी, तुम्ही चला. मी म्हनलं मी काय करू तितं. त्या म्हनल्या काम तुमचं हाय, नाव तुमचं हाय. बसनं गेलो, लोह्याच्या अलीकडं कंधारचा फाटा लागला, मी खिडकीतून बगत ऱ्हायले, अब्बा जाऊन वीस वर्सं झाली. तितं भिंतीवर मोठा कागद लावलेला, आमच्या वार्डाचं काम, किती लेकरांनी घरच्यावानी शिजवलेलं खाल्लं, किती उरलं, काय काय तपासलं, आनि वर नावं, मॅडमचं, स्नेहलचं, आनि तिसरं माझं. इंग्रजीत होतं, स्नेहलनं बोट ठेवून दाखवलं. मी त्याच्यावर हात फिरवला. त्या कागदात खाली माझ्या चुकीची बी ओळ होती. मॅडमनं मला आधी इचारलं होतं का ती काढू का, मी म्हनलं राहू द्या, लपवलेलं एकदा बास झालं. एक म्हातारे डॉक्टर आले, मराठीत इचारलं का बाई, तुम्ही चाखत न्हाई तर मीठ कसं ठरवता. समदे वळून बगू लागले. मी पदर नीट केला आनि तेच सांगितलं जे तुम्हाला सांगितलं, हात आनि वाफ. त्यांनी ते वहीत लिवून घेतलं. कंधारच्या देगवाल्याची हिकमत डॉक्टरच्या वहीत गेली, मला त्या दिवशी जमिनीवर पाय टेकत न्हवते, खरं सांगते.

आता त्या सैपाकघरात माझ्या हाताखाली दोन पोरी हायेत. पहिल्या दिवशी मी त्यांना ते रजिस्टर उघडून माझी ओळ वाचायला लावते. मग कुकर. मी अजून पाच-सात वर्सं करीन, गुडघे म्हनतात तीन, बगू कोन जिंकतंय.

आनि ह्या रमजानात काय झालं ते सांगते, मग तुम्ही जा, मला बी नमाजीचं हाय. गौरी तपासायला आली होती. बारा वर्साची झाली आता, दोन वेन्या, गाल भरलेले, समदं खायला मोकळीक हाय तिला, कैऱ्या बी खाते. सोबत सुनंदा, आनि गौरीच्या हातात डबा. म्हनली मावशी, मेतकूट-भात हाय, सकाळी उठून मी एकटीनं केलाय, आईनं हात बी लावला न्हाई, खाऊन मीठ सांगा. मी म्हनलं बाई, माझा रोजा हाय. तिचं तोंड एवढंसं झालं. मग मी डबा उघडला आनि वास घेतला, तिला बरं वाटावं म्हनून. गौरी म्हनली, म्या बी चाखलं न्हाई मावशी, तुमच्यावानीच केलं, हात आनि वाफ.

काय सांगू तुम्हाला, जिच्या ताटाचं उष्टं मी मोजलं, एक दिवस आख्खं ताट परत आलं म्हनून जिच्यापायी मी गुन्हेगार झाले, तिनं माझ्यासाठी चाखल्याबिगर रांधलं. दिवसभर तो डबा मी माझ्याजवळ ठेवला. मगरीबची अजान झाली, खजूर तोंडात टाकला, पानी प्याले आनि डबा उघडला. मालक समोर बसलेले, त्यांना बी दिलं. त्यांनी एक घास घेतला, माझ्याकडं बगितलं आनि पान्याचा गिलास जवळ वडला.

मीठ जास्त होतं. चांगलंच जास्त होतं. दुसऱ्या दिवशी तिला फोन करून मी तेच सांगितलं, का गौरी, हात अजून लहान हाय तुझा, मीठ कमी धर. ती खदाखदा हसली. अल्ला तिला लांबी उमर देवो, तिच्या बहिनीला देवो, तिच्या हाडात बसलेल्या त्या गूद्याला देवो. डबा धुऊन, चार खजूर घालून ठेवलाय, पुढल्या तपासनीला येईल तवा नेईल. आनि तुम्ही लिवताना खरं लिवा, लपवू नका, मीठ जास्त होतं म्हनून लिवा, आनि पुढं लिवा, उष्टं शून्य.